टायमिंग बेल्ट बदलला, खुणा जुळवल्या, तरी एक दात चुकतोच: जुन्या होंडा सिटीवर तीनदा केलेलं काम

एकच गाडी एकाच कामासाठी तीनदा खोलावी लागली, म्हणून सविस्तर लिहितोय. गाडी पहिल्या पिढीची होंडा सिटी, १.५ पेट्रोल. आपल्याकडे ही १९९८ ते २००३ विकली गेली. तिच्या नंतरच्या सिटीला चेन आली, हिला मात्र रबरी टायमिंग बेल्ट, म्हणजे खालच्या क्रँकचं (पिस्टनने फिरणारा दांडा) फिरणं वरच्या कॅमला (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) देणारा दातेरी पट्टा. ज्यांच्याकडे ती अजून आहे ते विकत नाहीत आणि दुसऱ्याला चालवायलाही देत नाहीत. त्यामुळे बेल्टचं काम अधूनमधून येतंच.

मालक निवृत्त शिक्षक. मीटरवर किलोमीटर कमी, पण बेल्ट शेवटचा कधी बदलला ते सरांना आठवेना. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं, तेव्हा बदलून टाकू म्हटलं. बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), वॉटर पंप, कॅम आणि क्रँकची ऑइल सील असं सगळं एकदम घातलं. एवढं खोलल्यावर वॉटर पंप जुना ठेवणं म्हणजे पंपाने पाणी सोडल्यावर तेच काम पुन्हा करणं. कॅम आणि क्रँकच्या पुल्यांवरच्या खुणा जुळवल्या, गाडी एका सेल्फला चालू झाली, चक्कर मारली, दिली.

दोन दिवसांनी सर परत. "गाडी चालते हो, पण पन्हाळ्याला चढताना दुसऱ्या गिअरला दबली. आधी तिसऱ्यावर जायची."

इथे मी जी चूक केली ती बरेच जण करतात. डिस्ट्रिब्युटरचे (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) बोल्ट ढिले केले, टायमिंग लाइट (ठिणगी नेमकी कधी पडते ते दाखवणारा दिवा) लावला आणि डिस्ट्रिब्युटर फिरवत बसलो. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमच्या टोकाला बसतो. म्हणजे कॅम मागे पडला की ठिणगीही तेवढीच मागे पडते. डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी जागेवर येते, व्हॉल्व्ह येत नाहीत. गाडी थोडी सुधारते आणि आपल्याला वाटतं काम झालं. माझा डिस्ट्रिब्युटर बोल्टाच्या खाचेत पार टोकाला जाऊन टेकला, तरी टायमिंग जेमतेम आलं. तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं: परवापर्यंत मधोमध बसणारा डिस्ट्रिब्युटर बेल्ट बदलल्यावर टोकाला का जातोय? ही खूण माझ्या मते सगळ्यांत स्वस्त. टायमिंग लाइट असेल तर कव्हर न खोलताच कळतं की बेल्ट दात चुकलाय.

लाइट नसेल तर कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखंच कमी आलं तर संशय टायमिंगवर घ्या. एकाच सिलिंडरचं कमी असेल तर तो व्हॉल्व्हचा किंवा रिंगचा मामला, बेल्टला दोष देऊ नका. कॅम मागे पडला की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. पिस्टन वर यायला लागलेला असतो आणि आत घेतलेल्या हवेतली थोडी परत बाहेर जाते. खालच्या आरपीएमला गाडी दबते ती यामुळे. वर रेस दिली की बरी पळते, म्हणून सपाट रस्त्यावर चक्कर मारून काही कळत नाही. मला तरी कुठे कळलं होतं?

एका दाताने एवढा फरक पडतो का, असं नवीन पोरं विचारतात. दात मोजा आणि ३६० ला भागा. क्रँकच्या पुलीला २० दात धरले तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. इग्निशनमध्ये आपण दोन अंशांसाठी भांडतो, इथे अठरा जातात. दोन-तीन दात चुकले तर प्रश्न पिकअपचा राहत नाही. हे इंजिन व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या वाटेत येणारं आहे, मग हेड उतरवून वाकडे व्हॉल्व्हच मोजावे लागतात.

तर दुसऱ्यांदा खोललं. कॅम खरंच एक दात मागे. बेल्ट काढला, पुन्हा खुणा जुळवल्या, बेल्ट चढवला, टेन्शनर आवळला. आमचा पोरगा टॉर्च धरून उभा होता, म्हणाला, "दादा, खुणा तर जुळल्यात की वो." जुळल्याच होत्या. यावेळी गाडी देण्याआधी हाताने क्रँक फिरवून बघितला. दोन फेरे झाल्यावर खालची खूण जागेवर आणि कॅमची पुन्हा अर्ध्या दाताहून जास्त मागे. टेन्शनरच्या बाजूचा बेल्ट बोटाने दाबला तर भेंडीच्या देठासारखा लवत होता.

खुणा जुळवण्यात माझं चुकतच नव्हतं. चुकत होतं ते टेन्शन देताना.

बेल्टच्या दोन बाजू असतात. इंजिन चालताना क्रँक बेल्टला आपल्याकडे ओढतो. कॅमकडून क्रँककडे येणारी बाजू ताठ राहते आणि क्रँककडून कॅमकडे जाणारी ढिली. टेन्शनर नेहमी ढिल्या बाजूला असतो, ताठ बाजूला टेन्शनरची गरजच नसते. आता आपण बेल्ट चढवतो तेव्हा दोन्ही खुणा जागेवर असतात, पण ताठ राहायला हवी त्या बाजूला थोडा झोळ उरतो. अर्ध्या दाताचा, पाऊण दाताचा. डोळ्यांना दिसत नाही, कारण तिकडे वॉटर पंपाची पुली आहे, कव्हरचा पत्रा आहे आणि आपलं सगळं लक्ष खुणांवर. तसाच टेन्शनरचा बोल्ट आवळला की तो झोळ आत बंद झाला. मग क्रँक फिरवला की आधी क्रँक एकटा फिरतो, झोळ संपेपर्यंत कॅम जागचा हलत नाही. झोळ संपला की कॅम निघतो, पण तेवढा मागे राहून. आणि तो झोळ आता जातो टेन्शनरच्या बाजूला, तिथे तर बोल्ट आवळलेला. म्हणून बेल्ट लवतो, आणि असा लवणारा बेल्ट कधीतरी जोराच्या रेसला स्वतःहून दात टाकतो. माझ्या पहिल्या कामात तेच झालं असणार.

होंडाच्या पद्धतीत याचा इलाज आधीपासून लिहिलेला आहे. मी तो वाचला होता आणि शहाणपणा करून सोडून दिला होता. पद्धत अशी: बेल्ट चढवल्यावर टेन्शनरचा बोल्ट अर्धा फेरा ढिला ठेवायचा म्हणजे स्प्रिंग काम करते. क्रँक पाच-सहा फेरे फिरवून बेल्ट बसू द्यायचा, कॅम-क्रँक परत टीडीसीला (एक नंबरचा पिस्टन सगळ्यांत वर असतो ती जागा) आणायचे. मग क्रँक इंजिनाच्या दिशेने एवढा पुढे न्यायचा की कॅमची पुली तीन दात सरकेल. तिथे थांबून टेन्शनरचा बोल्ट ४४ न्यूटन मीटरला आवळायचा.

हे तीन दात मला उगाच वाटायचे. खुणा जुळलेल्या सोडून पुढे जाऊन बोल्ट का आवळायचा? पण सगळी गंमत तिथेच आहे. क्रँक पुढे नेताना तो कॅमला व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांविरुद्ध ओढतो, त्यामुळे ताठ बाजू खरोखर ताठ होते आणि होता नव्हता तेवढा झोळ टेन्शनरकडे जातो. स्प्रिंग तो खाते, आपण बोल्ट आवळतो. म्हणजे या गाडीवर खुणा समोरासमोर असताना टेन्शनर आवळायचाच नाही. इतर गाड्यांच्या पद्धती थोड्या वेगळ्या असतात. काहींना टेन्शनरवरच सुई आणि खाच असते, काहींना ऑइलवर चालणारा टेन्शनर. पण ताठ बाजूचा झोळ आधी काढायचा हे सगळीकडे सारखंच.

बेल्ट चढवतानाच झोळ कमी राहावा म्हणून आता मी एक करतो. कॅम खुणेवर ठेवतो आणि क्रँक खुणेच्या अर्धा दात अलीकडे. बेल्ट आधी क्रँकवर घालतो, टेन्शनर नसलेल्या बाजूने ओढून धरत कॅमवर नेतो आणि कॅमवर काळी क्लिप लावतो, कागद धरायची स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती. शेवटी बेल्ट टेन्शनरमागे सरकवतो. मग क्रँक तो राहिलेला अर्धा दात पुढे घेतला की ताठ बाजू ताणली जाते आणि खूण खुणेवर येते. क्रँक फिरवायला लागण्याआधी क्लिप काढा. मी एकदा विसरलो, ती कव्हराच्या पत्र्यात अडकून वाकडी झाली. थोडक्यात निभावलं.

आता दिशेचं. मारुती, ह्युंदाई करणाऱ्यांचा हात इथे हमखास चुकतो, माझाही चुकला. बहुतेक इंजिनं पुलीच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतात. हे जुनं होंडा इंजिन घड्याळाच्या उलट फिरतं. हाताला सवय घड्याळाच्या दिशेची. टेन्शनर ढिला असताना असं घड्याळाच्या दिशेने फिरवलं की ओढ टेन्शनरच्या बाजूला येते, स्प्रिंग मागे ढकलली जाते आणि झोळ नेमका नको त्या बाजूला गोळा होतो. क्रँकची पुली लहान, तिच्यावर पकडलेले दात कमी, त्यामुळे बेल्ट उडी मारतो तो तिथेच. खूण चुकून पुढे गेली तर "जरा मागे घेऊ" हा मोह टाळा. पुढेच फिरवत दोन फेरे पूर्ण करून परत या. स्पार्क प्लग आधीच काढून ठेवले तर दोन फेऱ्यांचा कंटाळा येत नाही.

या उलट्या दिशेची आणखी एक मेख आहे. क्रँकचा बोल्ट साध्या आट्याचाच आहे, म्हणजे घड्याळाच्या उलट तो सुटतो. आणि आपण त्याच बोल्टावर सॉकेट लावून इंजिन उलट दिशेने फिरवतो. बोल्ट हाताने नुसता बसवलेला असेल तर इंजिन फिरतंय असं वाटतं आणि सुटत असतो बोल्ट. तेव्हा तो आधी नीट आवळा, मग फिरवा. टॉमी (सॉकेटची लांब दांडी) चेसिसला टेकवून सेल्फ मारून क्रँक बोल्ट सोडवायची जी युक्ती काहीजण करतात ती या गाडीवर चालत नाही, उलट बोल्ट आणखी आवळला जातो. पुली धरायचं टूल घ्या किंवा इम्पॅक्ट वापरा.

खुणांबद्दल आता बोलतो, कारण टेन्शन बरोबर देऊनही दात चुकला तर कारण बहुधा इथे सापडतं.

बाहेरच्या क्रँक पुलीवर एकापेक्षा जास्त खाचा आहेत. तीन खाचांचा एक पुंजका, त्यातली मधली लाल, ती इग्निशन टायमिंगसाठी. बाजूला एकटी पडलेली खाच पांढरी, ती टीडीसीची. वीस-बावीस वर्षांत रंग राहत नाही. ऑइल आणि धूळ बसून सगळ्या सारख्याच काळ्या. मग पुंजका ठळक दिसतो म्हणून कोणीतरी तीच टीडीसी धरतो. लाल खूण टीडीसीच्या आधी येते आणि हा फरक एका दाताच्या जवळपास जातो. म्हणून काम करणाऱ्याला शेवटपर्यंत वाटतं की सगळं जुळलंय. पुली काढायच्या आधीच खाचा ब्रशने घासून घ्या आणि एकट्या खाचेत व्हाइटनर भरा. पुली आणि खालचं कव्हर काढल्यावर बेल्ट फिरवणाऱ्या आतल्या दातेरी पुलीवर एका दातावर खूण आहे, ती ऑइल पंपाच्या अंगावरच्या टोकासमोर यायला हवी. बेल्ट बसवताना हीच खरी. दातेरी पुलीपुढे एक पातळ चकती असते, तिच्याआड खूण लपू शकते. चकती कोणत्या अंगाने बसली होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

खात्री वाटत नसेल तर जुना बेल्ट गाडीवर असतानाच पिस्टनवरून टीडीसी शोधा. एक नंबरच्या प्लगच्या भोकात लांब स्ट्रॉ सोडा, लोखंडी काही घालू नका. पिस्टन सगळ्यांत वर आला की तिथे क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, त्यामुळे नेमकी जागा हाताला कळत नाही. म्हणून स्ट्रॉवर रेघ मारा. वर येताना ती रेघ भोकाच्या काठाला लागली की पुलीवर खडूची एक खूण, पुढे फिरवत नेल्यावर खाली जाताना परत काठाला लागली की दुसरी. दोन खडूंच्या बरोब्बर मधे टीडीसी. मधे पांढरी खाच सापडली तर डोळे मिटून पुढे जा.

कॅमच्या पुलीवर वर येणारं अक्षर कोरलेलं असतं आणि दोन बाजूंना दोन खाचा. अक्षर वर आणि दोन्ही खाचा हेडच्या वरच्या कडेच्या रेषेत, अशी टीडीसी. खालची पांढरी खूण जुळली आणि वरचं अक्षर खाली दिसलं तर घाबरू नका, क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो. बेल्ट असेल तर आणखी एक पूर्ण फेरा द्या. बेल्ट काढलेला असेल तर मात्र कॅम तसाच फिरवू नका. क्रँक आधी टीडीसीपासून पाव फेरा बाजूला न्या. चारही पिस्टन सिलिंडरच्या मधे येतात, कोणताच व्हॉल्व्ह कशाला लागत नाही. मग कॅम फिरवा, नंतर क्रँक जवळच्या बाजूने परत आणा.

या दोन खाचा बघताना फसगत होते. टायमिंगची बाजू गाडीच्या डाव्या अंगाला, आपण बॉनेटवर ओणवे होऊन वरून तिरपं बघतो. तिरपं बघितलं की पलीकडची खाच खाली गेल्यासारखी दिसते. स्टीलची पट्टी हेडच्या कडेला आडवी लावा आणि डोळे तिच्या पातळीला न्या. तेही जमत नसेल तर मोबाइल खाचेच्या उंचीला धरून फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून बघा. मी आता हेच करतो, गुडघे वाचतात.

सगळं बरोबर करूनही खूण थोडी मागे राहते, अर्ध्या दाताच्या आत. असं असेल तर आधी विचारा, हेड कधी फेसिंगला गेलं होतं का. हेडचा तळ घासला की कॅम क्रँकच्या तेवढा जवळ येतो, ताठ बाजूच्या दातांची संख्या मात्र तीच राहते, म्हणून कॅम किंचित मागे पडतो. तो फरक बेल्टने भरून निघत नाही. शंका असेल तर बेल्ट एक दात पुढे घालून बघा, एक दात मागे घालून बघा. तिन्हींपैकी जिथे खूण सगळ्यांत जवळ येते ती जागा बरोबर. दर वेळी टेन्शन देऊन, हाताने दोन फेरे मारून मगच मोजा, नाहीतर त्या बघण्याला अर्थ नाही. फिरवताना कुठे कडक लागलं तर टॉमीवर जोर देऊ नका. ते कॉम्प्रेशन आहे की व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलाय हे प्लग काढलेले असतील तर लगेच कळतं, कारण मग कॉम्प्रेशन उरतच नाही.

एक विचारलं जातं म्हणून: जुन्या बेल्टवर आणि दोन्ही पुल्यांवर व्हाइटनरच्या रेघा मारून त्या नव्या बेल्टवर उतरवायच्या, हे चालतं का? चालतं, पण दोन रेघांमधले दात मोजून. आणि आधीच्या माणसाने बेल्ट बरोबर घातला होता याची खात्री असेल तरच, नाहीतर त्याचीच चूक आपण जशीच्या तशी उतरवतो. काही बेल्टवर कंपनीच्याच रेघा येतात. इंजिन दोन फेरे फिरवल्यावर त्या रेघा पुलीच्या खुणांसमोर परत येत नाहीत, कारण बेल्टचे दात आणि पुलीचे दात यांचा हिशोब वेगळा. त्यावरून बेल्ट सरकला असं समजून परत खोलू नका. बघायचं ते पुलीची खूण आणि इंजिनावरची खूण.

सरांची गाडी तिसऱ्यांदा या पद्धतीने केली. क्रँक अर्धा दात अलीकडे, क्लिप, घड्याळाच्या उलट सहा फेरे, तीन दात पुढे, मग टेन्शनर. परत दोन फेरे, पट्टी लावली, दोन्ही खाचा कडेला. कव्हर लावून इंजिन गरम केलं आणि टायमिंग लाइट धरला. डिस्ट्रिब्युटरच्या कानावर आणि हेडवर कोणीतरी पूर्वी खिळ्याने एक रेघ ओढून ठेवली होती, पहिल्यांदा काम केलं तेव्हा ती मी पाहिलीही नव्हती. डिस्ट्रिब्युटर खाचेच्या टोकावरून मागे फिरवत आणला, आणि टायमिंग आलं तेव्हा वरची-खालची रेघ एका ओळीत होती.

दोन वेळच्या मजुरीचे पैसे सरांनी द्यायचा प्रयत्न केला. घेतले नाहीत. गॅस्केट आणि कूलंटचे घेतले.